दूध उतू घालविणारी कादंबरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिन्यापूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावे असे त्यांनी सांगितले, तेव्हा मी साफ नाही म्हटले होते. मी शिक्षिका नाही, लेखिका नाही, व्यासपीठावर उभे राहण्याची मला सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षे वाचनालयाची पायरी झिजवलीत ती कशासाठी?" या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. तेव्हा आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजून आपण गोड मानून घ्यावे.

विषय अगदी साधा आहे. आपल्या गावच्या वाचनालयातून मन रमेल अशी कादंबरी शोधावयाची कशी? हा विषय निवडण्याचे कारण असे की, "आमच्या वाचनालयात वाचण्यासारखे काही नाहीच हो" हे वाक्य मी हळदीकुंकवात ऐकले आहे, लोणावळा लोकलमध्ये ऐकले आहे आणि खुद्द वाचनालयाच्या दारातही ऐकले आहे. हे वाक्य बोलणाऱ्या बायका खोटे बोलत नाहीत. त्यांना हवे ते पुस्तक मिळालेले नसते, हे खरेच असते. पण पुस्तक कपाटात नसणे वेगळे, आणि असून आपल्याला न सापडणे वेगळे. माझा अनुभव असा की, दहांतील आठ वेळा दुसरी गोष्ट घडलेली असते.

माझीही तीच तऱ्हा होती. माझे माहेर सातारकडचे, म्हणजे कोरड्या मुलखातले. लग्न होऊन मी लोणावळ्यास आले ती ऐन जून महिन्यात. येथला पाऊस आपल्याला ठाऊक आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सारा या चार महिन्यांतच. कपडे शेगडीवर वाळवावयाचे, भिंतींना ओल, दार उघडले की धुके घरात. हे रेल्वेत, त्यांच्या पाळ्या वेळी-अवेळी. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. आत्याबाई मितभाषी होत्या, आणि मी नवी. दिवस दिवस आमच्या दोघींत पावसाखेरीज तिसरे कोणी बोलत नसे. त्या एकटेपणाला कंटाळून मी एक दिवस छत्री घेऊन वाचनालयात गेले, अनामत भरली, आणि म्हटले, "एखादी चांगली कादंबरी द्या."

भगिनींनो, येथेच पहिली चूक झाली. "चांगली कादंबरी" ही मागणी म्हणजे बाजारात जाऊन "चांगले लुगडे द्या" म्हणण्यासारखी आहे. सुती की रेशमी, रोजचे की लग्नाचे, हे दुकानदाराने कसे ओळखावे? देणाऱ्याने मला त्याच्या समजुतीप्रमाणे एक जाडजूड, नावाजलेले पुस्तक दिले. मी पंचवीस पाने वाचली आणि झोपले. दुसऱ्या वेळी तसेच, तिसऱ्या वेळीही तसेच. चौथ्या खेपेस विलंबाचा दंड भरताना मी मनाशी ठरविले की, आपल्याला वाचनाची गोडीच नाही.

त्या दिवशी टेबलापाशी एक वृद्ध बाई पुस्तक बदलावयास आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका असाव्यात. माझा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी विचारले, "तुम्हाला काय आवडतं वाचायला?" मी म्हटले, "ते मलाच कळत नाही." तेव्हा त्यांनी जो प्रश्न विचारला, तो आज मी आपणा सर्वांना देण्यासाठी येथे उभी आहे. त्या म्हणाल्या, "बरं, मग असं सांगा, कोणत्या पुस्तकापायी तुमचं दूध कधी उतू गेलं होतं का?"

मला हसू आले, पण लगेच आठवलेही. माहेरी, लग्नाआधीच्या वर्षी, रणजित देसाई यांची 'स्वामी' वाचताना भांडेभर दूध शेगडीवर उतू गेले होते आणि आईची बोलणी खाल्ली होती. त्यांनी पुढे विचारले, "कोणत्या जागी?" मी म्हटले, "माधवराव आजारी पडतात आणि रमाबाई..." मला पुढचे बोलवेना. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला लढाया नकोत. लढाईवरून परत आलेल्या माणसाच्या घरात काय होतं, ते तुम्हाला हवं." एवढे बोलून त्या कपाटाकडे गेल्या आणि त्यांनी मला इतिहासाचे पुस्तक न देता गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' काढून दिली. कोकणातल्या एका गावाची आणि त्यातल्या एका घराची ही कहाणी १९५५ साली प्रसिद्ध झाली, आणि ती सांगते कोण, तर त्या घरची सून अंबावहिनी. सारे गाव आपल्या डोळ्यांदेखत ओस पडत चालले आहे, हे एक बाईमाणूस आपल्या शब्दांत सांगते. त्या रात्री माझा स्वयंपाक उशिरा झाला.

त्या बाईंनी काय केले, ते जरा उकलून पाहू. त्यांनी मला "काय आवडते" हे विचारणे सोडून दिले, कारण त्याचे उत्तर आपल्याला सहसा ठाऊक नसते. "कशाने तुम्ही भान विसरलात" हे विचारले, कारण ते मात्र प्रत्येकीला ठाऊक असते. आणि मग पुस्तकाच्या विषयाकडे न पाहता त्या भान विसरण्याच्या जागेकडे पाहिले. 'स्वामी' आवडली म्हणजे पेशव्यांवरची सगळी पुस्तके आवडतील असे नव्हे. एखादीला त्याच 'स्वामी'तले राघोबादादांचे राजकारण आवडले असेल. तिला मग विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) द्यावी. एखादीला जुन्या काळचे वाडे, दागदागिने आणि रीतिरिवाज आवडले असतील. तिला हरिभाऊ आपट्यांकडे पाठवावे. पुस्तक एक, पण त्यातून निघणाऱ्या वाटा तीन.

आता माझी वाट कोठे गेली ते सांगते, कारण ती आपल्या मावळातूनच जाते.

'पडघवली' परत करताना मी म्हटले, "याच लेखकाचे आणखी काही आहे का?" तेव्हा मला कळले की, गो. नी. दांडेकर हे आपल्या तळेगाव दाभाड्याचेच रहिवासी. जन्म १९१६ चा, विदर्भातला. लहानपणी घर सोडून निघालेले, गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिलेले, पायी हिंडलेले, आणि अखेर आपल्या तालुक्यात स्थायिक झालेले. १९९८ साली त्यांचे देहावसान झाले. 'स्मरणगाथा' या त्यांच्या आत्मकथनास १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या माणसाने मावळचे किल्ले पुन्हा पुन्हा पायांखाली घातले आणि त्यांतून कादंबऱ्या लिहिल्या. 'माचीवरला बुधा' (१९५८) ही राजमाचीवरची. मुंबई सोडून माचीवर येऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्याची ही गोष्ट. बारीकसे पुस्तक आहे, दोन दुपारींत वाचून होते. आपल्या तुंगार्लीवरून जी वाट राजमाचीस जाते, तीवरून मी पुढे गेले तेव्हा मला झाडे ओळखीची वाटली, ती बुधामुळे. आणि 'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) ही पवनमावळातली, तुंग किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या धोंडी हवालदाराची.

हे दुसरे पुस्तक मी मागितले. दाखल नोंदवहीत नाव होते, कपाटात पुस्तक नव्हते. मी नेट धरला. शेवटी माळ्यावरच्या एका गठ्ठ्यात ते सापडले. तो गठ्ठा बाद करावयाच्या पुस्तकांचा होता. मागच्या पानावर चिकटविलेल्या तारखांच्या कागदावर शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता. अकरा वर्षांत ते पुस्तक कोणीही नेले नव्हते, म्हणून ते जाणार होते. त्यात कोणाचा दोष होता असे मला म्हणावयाचे नाही. कपाटे लहान असतात आणि नवी पुस्तके येतच असतात. मी ते पुस्तक पुसून, वर्तमानपत्राचे वेष्टन घालून घरी आणले.

त्या आठवड्यात वीज गेलेली होती. मी कंदिलाशी बसून वाचत होते, आणि आत्याबाई समोर तांदूळ निवडत होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. सहज म्हणून मी दोन पाने मोठ्याने वाचली. तुंगाचे नाव आले, पवनेचे नाव आले, आणि त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचले. मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ह्यो बाबा आमच्याकडं येऊन गेल्याला असनार. घरात बसून न्हाई लिवलं ह्यानं."

आत्याबाईंचे माहेर पवनाकाठचे होते, हे मला ठाऊक होते. पण ते गाव आता नाही, हे मला ठाऊक नव्हते. पवनेवर धरण झाले तेव्हा ज्या गावांवर पाणी चढले, त्यांतले ते एक. लग्नानंतर इतकी वर्षे झाली, पण त्यांनी त्याविषयी माझ्याशी एक अक्षर काढले नव्हते. माहेर बुडाले असे कोणाला आणि कशासाठी सांगावयाचे? मे महिन्यात धरणाचे पाणी खाली गेले की जोती दिसतात, असे त्या एकदा बोलून गेल्या होत्या. पण कोणाची जोती, हे मी कधी विचारले नव्हते.

ते पुस्तक आम्ही तीन आठवडे वाचले. मी दोनदा मुदत वाढवून घेतली. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर पाच-सहा पाने. आत्याबाई मध्येच थांबवीत. कधी म्हणत, "बराबर हाय." कधी म्हणत, "न्हाई, आमच्यात असं बोलत न्हाईत," आणि मग कसे बोलतात ते सांगत. पुस्तक संपले त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या थोरल्या मुलीला वही आणावयास सांगितले. ती तेव्हा चौथीत होती. आत्याबाईंनी आपल्या माहेरच्या आळीतली घरे देवळापासून नदीपर्यंत, ओळीने सांगितली. कोणाचे घर, दारी कोणते झाड, कोणाकडे आंबेमोहोर पिके आणि कोणाकडे नुसती नाचणी. मुलीने सगळे लिहून घेतले. ती वही आज आमच्याकडे आहे. आत्याबाई नाहीत. धोंडी हवालदाराची गोष्ट त्यांच्या गावाची नव्हे, ती एका लेखकाने रचलेली कादंबरी आहे. पण ती वाचली गेली नसती, तर ही वही झाली नसती.

पुढे मी विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) वाचली. धरणामुळे उठलेल्या माणसांची ती कादंबरी. तिला १९९२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती मी आत्याबाईंना वाचून दाखविली नाही. मला धीर झाला नाही.

असो. माझ्या घरची गोष्ट लांबली, त्याची क्षमा असावी. आता कामाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, कपाटाकडे जाण्यापूर्वी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग पाहावा. नुकते कोणी तरी वाचलेले पुस्तक तेथे असते. आणि आणून देणारी बाई समोरच उभी असेल, तर तिला तो दुधाचा प्रश्न विचारावा. वाचनालयात बोलू नये असा नियम वाचनकक्षापुरता आहे; देवघेवीच्या टेबलापाशी हळू आवाजात विचारावयास कोणाची हरकत नसते.

दुसरी गोष्ट, पुस्तकाच्या मागचा तारखांचा कागद पाहावा. त्यावर शिक्के दाटीने पडलेले असतील, तर पुस्तक लोकांना आवडले आहे असे समजावे. ओळीने पंधरा-पंधरा दिवसांचे शिक्के असून मध्येच दोन-तीन दिवसांत परत आल्याचे दिसले, तर कोणी तरी ते एका बैठकीत संपविले आहे, किंवा कंटाळून टाकले आहे. ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि शिक्केच नसतील, तरी ते पुस्तक वाईट असे समजू नये. माझा 'धोंडी' असाच होता.

तिसरी गोष्ट, मलपृष्ठावरच्या स्तुतीवर विसंबू नये. उभ्याउभ्या पहिली चार पाने वाचावी, आणि मग मधलेच एखादे पान. पहिली पाने लेखक घासूनपुसून लिहितो. मधल्या पानावर त्याचा खरा आवाज ऐकू येतो. तो आवाज आपल्याला रोज संध्याकाळी घरात चालेल का, एवढेच पाहावे.

चौथी गोष्ट, न आवडलेले पुस्तक अर्धवट टाकण्याची लाज बाळगू नये. ताटात वाढलेले संपविलेच पाहिजे असे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले आहे, आणि अन्नाच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण पुस्तक टाकल्याने वाया जात नाही. ते दुसरीला मिळते. पन्नास पाने वाचून रस वाटला नाही, तर खुशाल परत करावे. दहा वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा हाती घ्यावे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) मी तिशीत टाकली होती. मुलगा शिकावयास पुण्यास गेला, तेव्हा पुन्हा घेतली आणि एका आठवड्यात संपविली. पुस्तक तेच होते. मी बदलले होते.

आता वाटांविषयी थोडे बोलते. आपल्यापैकी पुष्कळ जणींना बाईच्या आयुष्याची गोष्ट हवी असते. त्यांनी एकाच लेखिकेशी थांबू नये, ओळीने चालत यावे. हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः आली; त्यात यमू आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगते. त्याच काळातल्या काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) लग्नानंतर लोकांची बोलणी सोसून वाचावयास शिकल्या, आणि त्यांनी 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. मग विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांच्या १९३३ सालच्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथांनी एवढी खळबळ उडविली की, ही बाई आहे तरी कोण, याचीच चर्चा चालली. पाठोपाठ १९३४ साली 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. मग १९६० ची उद्धव शेळके यांची 'धग'. ती पुरुषाने लिहिली आहे, पण वऱ्हाडातली कौतिक वाचली की लेखक पुरुष आहे हे विसरावयास होते. मग गौरी देशपांडे, आशा बगे यांची 'भूमी', कविता महाजन यांची 'ब्र'. ही ओळ वाचून होईपर्यंत आपल्या पणजीपासून आपल्या नातीपर्यंतच्या बायका आपल्याशी बोलून गेलेल्या असतात.

काहींना माणसांपेक्षा मुलूख आवडतो. त्यांनी श्री. ना. पेंडसे घ्यावे, 'गारंबीचा बापू' (१९५२) हे आटोपशीर, आणि पुढे सवड व धीर असेल तर 'तुंबाडचे खोत' (१९८७) हे दोन खंड. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तर इतकी लहान आहे की, वाचन सुटलेल्या बाईला मी नेहमी तीच देते. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक पोरसवदा मास्तर येतो, एवढीच गोष्ट. पण एकदा हातात घेतली की खाली ठेववत नाही.

आणि ज्यांना नुसती उत्कंठा हवी असेल, त्यांनी ती मनमोकळेपणाने मागावी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांच्या 'झुंजार'ने व 'काळ्या पहाडा'ने किती तरी लोकांना वाचनाची सवय लावली. नारायण धारपांचे पुस्तक रात्री एकटीने वाचून पाहावे. अशी पुस्तके पदराआड लपवून नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांत लपविण्यासारखे काय आहे? जिला पाने उलटण्याची ओढ लागली, ती उद्या दुसऱ्या कपाटाकडेही जाईल. आणि न गेली तरी तिचे काही बिघडले नाही. घरात वयात येणाऱ्या मुली असतील, तर शांता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' न्यावी, आणि राम पटवर्धन यांनी अनुवादिलेले 'पाडस'. ही पुस्तके मुलींच्या निमित्ताने आणावी आणि आपण आधी वाचावी.

"तुमचे ठीक आहे, आम्हाला वेळ कोठे आहे?" असे काही जणी मनात म्हणत असतील. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकलेल्या बाईला मी वाचा म्हणणार नाही. तो उद्धटपणा होईल. पण आपल्यापैकी पुष्कळ जणींचा वेळ हल्ली हातातल्या मोबाईलमध्ये जातो, हे आपण एकमेकींत तरी कबूल करू. त्यातही गोष्टीच असतात, नाही असे नाही. फरक एवढाच की, तेथे गोष्ट आपल्याला धरून ठेवते, आणि कादंबरीत आपण गोष्टीला धरून ठेवतो. लोणावळ्याहून तळेगावापर्यंत लोकलने जाताना मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव एवढी स्थानके लागतात. तेवढ्यात वीस पाने होतात. रोज वीस पाने म्हणजे पंधरवड्याला एक चांगली भरलेली कादंबरी.

आता अखेरचा आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. आपण पुस्तक शोधतो तसे पुस्तकही आपल्याला शोधत असते. ग्रंथालयशास्त्राचे जनक मानलेले डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले, त्यांत जसा वाचकाचा हक्क सांगितला तसा पुस्तकाचाही सांगितला. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाची त्याच्या माणसाशी गाठ पडली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि दर्जाप्रमाणे अनुदान मिळते. तो दर्जा ठरविताना पुस्तकांची संख्या पाहतात, तशीच सभासदांचीही पाहतात. म्हणजे आपण वर्गणी भरून एक कार्ड काढतो, तेव्हा आपल्यापुरते पुस्तक आणतो एवढेच नव्हे, तर दुसऱ्या कोणासाठी तरी नवी पुस्तके येण्याची सोय करतो. आणि एखादे पडून राहिलेले पुस्तक मागतो, तेव्हा त्याच्या मागच्या कागदावर एक ताजा शिक्का पडतो. तो शिक्का त्या पुस्तकाचे आयुष्य वाढवितो. माळ्यावरच्या गठ्ठ्यातून ते पुन्हा कपाटात येते.

म्हणून मंडळापुढे मी दोन लहान सूचना ठेवते.

एक, आपण शंभर पानी एक वही वाचनालयाला भेट देऊ. ती देवघेवीच्या टेबलावर दोरीने बांधून ठेवावी, म्हणजे घरी जाणार नाही. ज्या बाईचे ज्या पुस्तकापायी दूध उतू गेले, करपले किंवा गाडी चुकली, तिने त्या पुस्तकाचे नाव आणि कोणत्या जागी भान हरपले ते एका ओळीत लिहावे. अभिप्राय नको, परीक्षण नको. पुस्तक थोर आहे की सामान्य, हे ठरविण्याचे काम आपले नव्हे. नवी सभासद आली की तिने ती वही चाळावी. मला ज्या वृद्ध बाई भेटल्या, त्या प्रत्येकीला भेटतीलच असे नाही. ही वही त्यांच्या जागी असावी.

दुसरी सूचना, पंधरवड्यातून एकदा आपल्या मंडळात मोठ्याने कादंबरी वाचण्याची बैठक ठेवावी. मोतीबिंदूने किंवा वयाने ज्यांना अक्षर दिसत नाही, आणि ज्यांना कधी शाळा मिळालीच नाही, अशा बायका आपल्या आळीत आहेत. यात नवे काही नाही. गो. नी. दांडेकरांच्या कन्या वीणा देव आणि त्यांच्या घरच्या मंडळींनी त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षे गावोगावी केले, आणि सभागृहे भरून लोकांनी ते ऐकले. आपल्याला सभागृह नको. एक चटई, एक चांगला दिवा आणि स्वच्छ वाचणारी एक मुलगी पुरे. पहिल्या बैठकीला 'पवनाकाठचा धोंडी' वाचावा, अशी माझी विनंती आहे. कोण जाणे, ऐकणाऱ्यांत पवनाकाठची एखादी माहेरवाशीण असेल, आणि मध्येच तिचा हात थांबेल. तेव्हा वाचणारीने पुढे जाण्याची घाई करू नये. "परत वाच" म्हटले तर परत वाचावे, आणि जवळ एक कोरी वही ठेवावी.

मला बोलावयाचे होते ते बोलून झाले.  सभा संपल्यावर चहा आहे. चहा घेताना शेजारच्या बाईला पावसाविषयी विचारू नका. तिचे दूध कशाने उतू गेले ते विचारा. आणि तिने नाव सांगितले की विसरण्यापूर्वी लिहून ठेवा. वाचनालय उद्या सकाळी उघडते.